टर्कीच्या मागे जायचं नसतं

गेल्या अंकात मी आमच्या पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंग टर्की सीझनबद्दल दोन पानं लिहिली होती, तिरकमठा घेऊन रानटी टर्की मारायला पहाटे चारला उठून कोण जातं वगैरे, आणि मला वाटलं चार शिव्या येतील आणि विषय संपेल. शिव्या आल्याच, पण त्याहून जास्त प्रश्न आले, बरेचसे इथल्याच आपल्या लोकांचे, काही पुण्या-मुंबईचे, एक गोव्याहून. सगळे घेता येणार नाहीत, जे परत परत आले ते घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण तिघांनी स्वतःच कळवलंय की घरी अजून माहीत नाहीये.

प्रश्न (हॅरिसबर्गजवळून): ताई, मी दोन वर्षं बो (तिरकमठा) घेऊन हरणाच्या शिकारीला जातोय, झाडावर मचाण बांधलेलं आहे. टर्कीच्या मागे जायचं तर परत जमिनीवर तंबू ठोकून बसायचं काय कारण? वरून उलट जास्त दिसतं.

उत्तर: आधी एक दुरुस्ती, टर्कीच्या मागे जायचं नसतं. त्याला आपल्याकडे बोलवायचं आणि गप्प बसायचं, आणि आमच्या राज्यात स्प्रिंगमध्ये नियमच तसा आहे, आवाज देऊनच शिकार, पाठलाग करून नाही.

आता मचाण. तुला वरून जास्त दिसतं तसं त्यांनाही तू जास्त दिसतोस ना रे. हरणाचा सगळा भरवसा नाकावर, म्हणून आपण वर चढतो, वास डोक्यावरून निघून जातो. टर्कीला वासाचं फारसं काही कळत नाही, पण डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मान न हलवता बहुतेक सगळीकडचं दिसतं आणि जरा मान फिरवली की पूर्ण गोल. रंगही दिसतात. आणि रात्री हे पक्षी झाडावरच झोपतात, म्हणजे पहाटे ते तुझ्याच उंचीवर समोरच्या ओकच्या फांदीवर बसून तुझ्याकडे बघत असायचे. मचाणावर तुझ्याभोवती आडोसा नाही, बो ओढताना कोपर, खांदा सगळं उघडं. हरीण निदान खाली मान घालून चरत राहतं, टर्की दोन दाणे टिपले की मान वर, आणि दहाजणी असल्या तर एकीची तरी वर असतेच. त्यात वरून खाली मारताना जिथे बाण लागायला हवा ती जागा, जी आधीच मुठीएवढी, ती अजून लहान होते.

म्हणून जमिनीवर, चार बाजू आणि छप्पर असलेला पॉप-अप ब्लाइंड, म्हणजे लपून बसायचा तंबू. हरीण नवीन तंबू बघून कितीतरी दिवस बिचकतं, टर्कीला त्याचं काही नाही, उघड्या शेतात त्याच पहाटे लावलेल्या ब्लाइंडला घासून जातात. पापणी हललेली दिसते आणि साडेपाच फुटी तंबू दिसत नाही, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

प्रश्न (लँकेस्टर): मागच्या सीझनला तीन वेळा मोठा नर २० यार्डांच्या (साठ फुटांच्या) आत आला आणि तिन्ही वेळा मी बो ओढायला घेतला की पळाला. ब्लाइंडमध्ये बसून सुद्धा. काय चुकतंय?

उत्तर: खरं म्हणजे या एका प्रश्नासाठी मी हा कॉलम लिहायला बसले. शॉटगनवाल्याला ही अडचण नसते, तो बंदूक गुडघ्यावर टेकवून आधीच रोखून बसलेला असतो, ४० यार्डांपर्यंत त्याचं काम होतं आणि हलवायचं काय तर एक बोट. आपल्याला मात्र पक्षी हाकेवर असताना एक चांगली मोठी हालचाल करावीच लागते, हात पुढे, हात मागे, खांदा वर. बाकी जे काही आपण करतो ना, जागा हेरणं, डिकॉय (भुलवायला मांडलेले खोटे पक्षी), आवाज, रात्रीची अर्धवट झोप, ते सगळं त्या दोन सेकंदांसाठी असतं, ती दोन सेकंदं त्याची नजर दुसरीकडे पाहिजे, बस.

पहिलं मला सांगा, तुमच्या ब्लाइंडच्या किती खिडक्या उघड्या होत्या? पुढची आणि मागची दोन्ही उघड्या असल्या तर मागच्या उजेडात तुम्ही पडद्यावरच्या सावलीसारखे दिसणार. मागची बंद, बाजूच्या बंद, समोर बाण जाईल एवढी फट. ब्लाइंड आतून काळा असतो तर कपडेही काळेच, पानापानांचं कॅमो आत बसल्यावर उलट उठून दिसतं. काळे हातमोजे, तोंडाला काळं फडकं (आमचे हे दरवर्षी विचारतात, आज कुठली बँक). आणि खिडकीला नाक लावून बसायचं नाही, मागे सरकून बसायचं, पण इतकंही मागे नाही की ओढताना कोपर मागच्या कापडाला लागेल, कारण मग अख्खा तंबू हलतो, माझा हललाय.

दुसरं म्हणजे डिकॉय. मला पत्रात कुणीच डिकॉय किती लांब लावले ते लिहिलेलं नाही, पण माझी खात्री आहे की २० यार्डांवर लावले असणार, कारण २० पर्यंत नेम बसतो म्हणून लोक डिकॉय २० वर ठेवतात. टॉम, म्हणजे मोठा नर, डिकॉयच्या अंगावर येईलच असं नाही, बऱ्याचदा दहा-बारा पावलं अलीकडे-पलीकडे थांबून पिसारा फुलवून मिरवत बसतो, मग तो झाला ३० वर आणि तुमचा हिशोब गेला. मी ६ ते ८ यार्डांवर लावते. लोकांना हे फार जवळ वाटतं, पण असू दे जवळ.

कुठला डिकॉय, तर एक मादी आणि तिच्याशेजारी एक जेक, म्हणजे वर्षाचा नर, मिसरूड फुटलेलं पोरगं म्हणा. थोराड टॉमला परका टॉम बघून कधी कधी घाबरायला होतं, पण हे असलं पोरगं मादीजवळ उभं दिसलं की त्याचं डोकं फिरतं. आता मुद्दा असा की जेकचं तोंड ब्लाइंडकडे करायचं. बघणाऱ्याला उलटं वाटतं, पण टॉम भांडायला येतो तो जेकच्या तोंडासमोर येतो, म्हणजे तो आला तुमच्या आणि जेकच्या मधे, त्याचं तोंड जेककडे, पाठ तुमच्याकडे. आणि पिसारा फुलवलेला असला तर त्याचं स्वतःचं डोकं त्याच्याच पिसाऱ्याआड जातं. तेव्हा ओढायचं. त्याआधी नाही. तुम्ही तिन्ही वेळा तो चालत तुमच्याकडे येत असताना ओढलंत, मी तिथे नव्हते तरी सांगते.

आणि ओढून झालं की घाई नाही. कंपाउंड, म्हणजे चाकांच्या बोचा फायदाच तो आहे, माझा ओढायला ४५ पौंडांचा आहे आणि लेट-ऑफ ८० टक्के, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातावर फक्त ९ पौंड उरतात, तेवढं घेऊन एक मिनिट थांबता येतं, तो वळेपर्यंत. रिकर्व्हवाल्यांना (साधा, बिनचाकांचा बो) ही चैन नाही, त्यांना ओढल्या ओढल्या सोडावं लागतं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण पहिल्याच वर्षी तसलं धाडस नको. ओढताना बो आभाळाकडे करावा लागत असेल तर वजन झेपत नाहीये, सरळ पाच पौंड कमी करा, त्यात लाज कसली. आणि घरी परसात उभं राहून सराव करून काय होणार, शिकार बसून करायची आहे ना, मग स्टूल टाका, बसा, कंबर वळवा, आणि बसल्या बसल्या हळू ओढता येतंय का बघा.

प्रश्न (न्यू जर्सी): बाण नक्की मारायचा कुठे? अर्जुनासारखा सरळ डोळाच का नाही?

उत्तर: अर्जुनाचा पक्षी लाकडाचा होता, मान हलवत नव्हता. टर्कीचं डोकं एक क्षण जागेवर राहत नाही. डोकं-मान उडवणारी मोठ्या पात्यांची खास ब्रॉडहेड (बाणाची टोकं) मिळतात आणि त्याने मारणारे पट्टीचे लोक आहेत, चुकला तर पक्षी बहुतेक सहीसलामत सुटतो हा त्याचा फायदाही आहे, पण ते बाण ब्लाइंडच्या लहान खिडकीतून नीट जात नाहीत आणि नेम अगदी रोजच्या सरावाचा पाहिजे. मी अंगावर मारते.

अंग म्हणजे काय हे आधी समजून घ्या. फुललेला टॉम केवढा ढोल्या दिसतो, त्यातली निम्मी पिसं असतात. पहिल्या वर्षी मी त्या फुगलेल्या छातीच्या मधोमध मारला, बाण गेला तो पिसांतून आणि छातीच्या कडेच्या मांसातून, पक्षी धडपडला, धावला आणि उडून गेला. मी आणि शेजारचे डेअरीवाले आजोबा, ज्यांच्या शेतात मी बसते, तीन तास ओढा-झुडपं सगळं शोधत होतो. मिळाला नाही. आजोबा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पुठ्ठा आणून दिला, त्यावर टर्कीची आकृती काढलेली आणि काळीज कुठे ते बॉलपेनने गोल केलेलं, छातीत नव्हतंच ते, हरणाच्या मानाने खूप वर आणि मागे.

तर बाजू आपल्याकडे करून उभा असेल तेव्हा तंगडीच्या रेषेत वर या, पंख अंगाला जिथे जोडलाय त्या सांध्याच्या पातळीला, तिथे. थोडा वर लागला तरी पाठीचा कणा, थोडा मागे-खाली लागला तर मांडीची हाडं, म्हणजे पळता येत नाही. खाली लागला तर सगळं गेलं. पाठमोरा फुललेला असेल तर शेपटीच्या बुडाशी, पिसारा जिथून सुरू होतो तो मध्य. समोर तोंड करून असेल तर छातीवर जी दाढी लोंबते, ती उगवते त्याच्या जरासं वर, पण मी समोरून मारत नाही, कारण समोरून तो मला बघत असतो. आणि एकच पीस निवडायचं, पक्षी बघायचा नाही, पीस बघायचं.

ब्रॉडहेड मी उघडणारी वापरते, रुंद जखम होते आणि बाण आरपार जाण्यापेक्षा पक्षी तिथल्या तिथे बसणं महत्त्वाचं. फक्त खिडकीला जाळी लावून जाळीतून मारणार असाल तर उघडणारी पाती नको, जाळीतच उघडतात. आणि २० यार्डांपलीकडे नाही. तुमचा नेम ५० वर बसत असेल, फोमच्या ठोकळ्यावर, बसू दे.

प्रश्न (पिट्सबर्ग): मी एच-वन-बी वर आहे. लायसन्स मिळतं का? बो ठेवण्यात काही कायदेशीर अडचण?

उत्तर: फेडरल कायद्यात तिरकमठा 'फायरआर्म' मध्ये मोडत नाही, त्यामुळे बंदुकीचे जे नियम तुमच्या व्हिसावाल्यांना लागतात ते बोला लागत नाहीत. बंदुकीला सरसकट मनाई आणि त्यात हंटिंग लायसन्ससारखे अपवाद, असा मामला आहे, त्यात पडायचं असेल तर वकिलाला विचारा, मला नको. लायसन्ससाठी आधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, ऑनलाइन होतो, कंटाळवाणा आहे पण करा नीट. साध्या लायसन्सवर स्प्रिंगला एक दाढीवाला पक्षी, दुसऱ्यासाठी वेगळं लायसन्स. जागा लागेल तर स्टेट गेम लँड्स (शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनी) आहेत, सगळ्या मिळून १५ लाख एकरांच्या वर, कुणालाही खुल्या. पण बो घेऊन खासगी शेत कधीही बरं, गर्दी नाही. परवानगी मागायला एप्रिलमध्ये जाऊ नका, तेव्हा सगळेच जातात, फेब्रुवारीत जा, थंडीत शेतकऱ्याला गप्पा मारायला वेळ असतो. मी बेसनाचे लाडू घेऊन गेले होते.

प्रश्न (म्हापसा, गोवा): आमच्याकडे नाताळाक पेरू भाजतात, त्याला टर्की म्हणतात हे मला मोठी झाल्यावर कळलं. हा तोच पक्षी का? आणि रानटी आपल्याकडे का नाही?

उत्तर: तोच, म्हणजे त्याचाच पाळीव भाऊबंद. मूळ मेक्सिकोतला, तिथल्या लोकांनी पाळीव केलेला, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात युरोपात नेला आणि पोर्तुगीजांबरोबर तो तुमच्याकडे आला, पोर्तुगीजमध्ये त्याला पेरूच म्हणतात. (माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं गोव्यात फळ भाजतात.) इथे जे रानात आहेत ते त्याच जातीचे पण कधी माणसाच्या हाताखाली न गेलेले, अंगाने सडपातळ, ताशी ५० मैलांच्या आसपास उडणारे. पोल्ट्रीतला पेरू कुंपणावर सुद्धा उडत नाही, बिचारा.

गोव्याचा विषय निघाला म्हणून, १६१२ मध्ये मुकर्रब खान या सरदाराने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी जे चमत्कारिक प्राणी नेले त्यात एक टर्की होता. बादशहाने आपल्या आठवणींत त्याबद्दल लिहिलंय आणि मन्सूर या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलंय. जहांगीरला सगळ्यात नवल कशाचं वाटलं तर डोक्या-मानेचे रंग बदलण्याचं, मध्येच पोवळ्यासारखं लाल, मध्येच कापसासारखं पांढरं, मध्येच पिरोजासारखं निळं. मी हे वाचलं तेव्हा हसले, कारण ब्लाइंडमध्ये बसून मी तेच बघत असते. टॉम पूर्ण रंगात आला की टाळू पांढरीफटक, गाल निळे, मान लालभडक. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात-फुगतात त्याचा हा खेळ. म्हणूनच रानात जाताना लाल, पांढरं, निळं काहीही अंगावर नको, रुमाल नको, मोजा नको. दुसऱ्या शिकाऱ्याला झुडपात तेवढाच रंग दिसला तर काय होईल ते सांगायला नको.

आपल्याकडे रानात तो कधी नव्हताच. आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा मोर, रानकोंबडा, तित्तर कशाच्याही बाबतीत हे वाचून कुणाच्या डोक्यात काही आलं असेल तर काढून टाका. आमच्या आजोळी गुहागरकडे पूर्वी रानडुकराच्या पारधीला अख्खी वाडी निघायची, त्या गोष्टी मी ऐकल्यात, पण त्या आता गोष्टीच.

प्रश्न (एडिसन): यूट्यूबवर एकजण टर्कीचा खरा पिसारा तोंडासमोर धरून सरपटत जातो आणि टॉम धावत त्याच्यावर येतो. हे सोपं दिसतंय, ब्लाइंड कशाला?

उत्तर: नको. आमच्या राज्यात पाठलाग चालतच नाही हे वर सांगितलं, पण चालत असता तरी नको. टॉमला जो पिसारा खरा वाटतो तो पलीकडच्या बांधावर शॉटगन घेऊन बसलेल्याला पण खराच वाटणार. गायीच्या आडून सावज गाठणारे आपले पारधी मला आठवतात, त्यांचं कसब मोठं, पण त्यांच्या समोरच्या झाडीत दुसरा बंदूकवाला लपलेला नसायचा. आणि तुमच्या दिशेने दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवायचा नाही, टर्कीचा आवाज तर अजिबात नाही, मराठीत का होईना पण खणखणीत ओरडायचं.

प्रश्न (बर्क्स काउंटी): ब्लाइंडमधून पहिलाच शॉट ५ यार्डांवर होता. २० ची पिन (बोवरची त्या अंतराची नेमाची खूण) लावली, बाण पक्ष्याच्या पायाखालून गेला. बो बिघडलाय का?

उत्तर: बो ठीक आहे. आपला डोळा बाणाच्या बऱ्याच वर असतो, बाण खालून निघतो आणि डोळ्याच्या रेषेला पुढे जाऊन भेटतो. ५ यार्डांवर तो अजून खालीच असतो. म्हणून इतक्या जवळ उलट लांबची पिन लागते, कुठली ते प्रत्येकाच्या बोवर, घरी ३, ५, ८ यार्डांवर मारून बघा, कुणी बघत नाही. याच कारणाने अजून एक होतं, पिनमधून खिडकीबाहेर पक्षी स्वच्छ दिसतो पण बाणासमोर खिडकीची खालची कड असते. माझ्या पहिल्या ब्लाइंडला तिथे एक भोक आहे, वर डक्ट टेप आहे, आणि टॉम तो आवाज ऐकून एक फूट उंच उडाला होता.

प्रश्न (डोंबिवली, मुलगी अमेरिकेत): मुलगी आणि जावई तुमचं वाचून हे शिकणार म्हणतायत. पोटासाठी नाही, हौसेसाठी जीव घ्यायचा, पाप नाही वाटत का हो?

उत्तर: काकू, माझ्या आईने हेच विचारलं होतं, तिला मी शब्द दिलाय म्हणून सोमवारी मी जात नाही. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

इतकं मात्र सांगते की हा पक्षी शंभर वर्षांपूर्वी इथल्या कितीतरी राज्यांतून साफ नाहीसा झाला होता, जंगलं तोडली आणि बाजारात विकायला वाटेल तेवढे मारले. पोल्ट्रीसारखे वाढवून रानात सोडून बघितले, ते जगले नाहीत. मग १९५० नंतर रानटीच पक्षी धान्य टाकून गोळा करायचे, त्यांच्यावर बारुदाने उडवलेली जाळी टाकायची आणि दुसऱ्या जंगलात नेऊन सोडायचे असं वर्षानुवर्षं चाललं. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवर जो कर बसतो आणि पुढे तिरकमठ्याच्या सामानावरही बसला, तो पैसा, लायसन्सचा पैसा यात गेला. आज देशभरात ६० लाखांच्या आसपास आहेत. स्प्रिंगला दाढीवालाच मारायचा, म्हणजे जवळजवळ नरच, तोही माद्यांची जोडी लागून गेल्यावर, आणि पहिले दोन आठवडे दुपारी बाराला शिकार बंद, कारण माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात, त्यांना त्रास नको. हे ऐकून पाप कमी होतं असं मी म्हणत नाही. पण सुपरमार्केटची कोंबडी खाताना मला जे वाटायला हवं आणि वाटत नाही, ते मेलेल्या टॉमची पिसं हातात धरल्यावर वाटतं. तुमच्या मुलीला वाटलं नाही तर तिला परत पाठवा माझ्याकडे.

प्रश्न (न्यू जर्सी, अजून एक): आवाज काढायला काय घेऊ, आणि किती काढू?

उत्तर: बॉक्स कॉल (घासून वाजवायची लाकडी डबी) सोपा, दुसऱ्या दिवशी यायला लागतो, पण दोन्ही हात लागतात. बो हातात असताना दोन्ही हात कुठले, म्हणून तोंडात धरायचा डायफ्रॅम शिकावाच लागतो, टाळूला चिकटवून जिभेने फुंकायचा, पहिला महिना ओकारी येते, गाडीत सराव करा, घरच्यांवर दया करा. साधा यँक-यँक-यँक, मादीची हाक, आणि मधूनच एक कुटुक. एवढं पुरे. तो गॉबल (नराची आरोळी) करून उत्तर देतोय म्हणून आपणही देत बसलो तर तो तिथेच थांबतो, कारण निसर्गात मादी त्याच्याकडे जाते, तो नाही. दोनदा बोलायचं आणि रुसल्यासारखं गप्प. पहाटे फांदीवरून उतरला की तो माद्यांच्या घोळक्यात जातो आणि तुम्हाला विचारत नाही, तेव्हा बहुतेक लोक गाशा गुंडाळून डोनट खायला जातात. बसून राहा. साडेनऊ-दहाला माद्या अंडी घालायला निघून जातात आणि मग तो एकटा पडतो. मी मारलेल्या चारातले तीन दहानंतरचे आहेत.

बसल्या बसल्या एक काम करा, पायांवर गोचीड बघा. इथल्या काळ्या पायांच्या गोचिडीने लाइम नावाचा आजार होतो. कपड्यांवर परमेथ्रिन आदल्या दिवशी मारून वाळवायचं, अंगावर नाही मारायचं, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे बघायचं.

प्रश्न (फिलाडेल्फिया): तंगड्या शिजतच नाहीत. कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या.

उत्तर: शिट्ट्यांनी होणार नाही, रानटी टर्कीच्या पायात शिरा असतात त्या वयानुसार हाडासारख्या कडक होतात, काड्याच जणू. छाती वेगळी काढा, ती दह्या-हळदीत ठेवून पातळ काप तव्यावर, जास्त परतलीत तर चामडं. तंगड्या आख्ख्याच, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात, मंद आचेवर तीन-साडेतीन तास, मांस आपणहून सुटलं की काड्या मोजून काढून टाका आणि मांस परत रश्श्यात. मी कांदा-लसूण मसाला घालते, आमचे हे मालवणी म्हणतात, भांडण जुनं आहे. काळीज-गिझर्ड टाकू नका, त्याचं सुकं सगळ्यात आधी संपतं. आणि उरलं तर वाटा, पण विकायचं नाही, रानातलं मांस विकणं गुन्हा आहे, कुणीतरी मंडळाच्या फूड स्टॉलबद्दल विचारलं होतं म्हणून सांगितलं.

प्रश्न (बऱ्याच जणांचा): आणि तुम्हाला या वर्षी मिळाला का?

उत्तर: नाही. सीझनच्या शेवटच्या आठवड्यात एकदा सगळं जुळून आलं होतं, सकाळी सव्वादहा, जेकसमोर पिसारा फुलवून ७ यार्डांवर, पाठमोरा, मी ओढून धरलेला, पीस निवडलेलं. त्याच्या बरोब्बर पलीकडे एक मादी येऊन उभी राहिली. आरपार गेला असता बाण. मी धरून ठेवला, मनात चाळीसपर्यंत मोजलं, मग हात थरथरायला लागला तसा हळूच सोडला, दोरी नाही, हात. ती दाणे टिपत टिपत निघाली आणि हा तिच्यामागे, आजोबांच्या कुंपणाखालून शेजारच्या गवताच्या शेतात. तिथली परवानगी माझ्याकडे नाही. फेब्रुवारीत लाडू घेऊन जाणार आहे.